कूलरमधून गेलेला कप्तान

दोनशे वर्षं मागे जाऊन चारच्या चहाला घरी परतणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असावा, आणि मी त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मनीषनगरातले आमचे घरमालक काका निवृत्त झाल्यापासून फोनवर एक नाटकमालिका रेकॉर्ड करायचे. कालयानात बसून भलत्याच काळात उतरणाऱ्या कप्तानाची ती गोष्ट कितीही भाग झाले तरी संपत नव्हती. ऐकणारे म्हणजे गल्लीतले लोक आणि काकांचे ऑफिसातले जुने मित्र. कालयान म्हणजे बैठकीतला कूलर. बटण दाबलं की तो असा खाकरून गरजायचा, की शतकं खरंच मागे पळतात असं वाटावं. भर जानेवारीतही काका तो लावायचे आणि काकू शाल गुंडाळत म्हणायच्या, "अवो, थंडीत तरी वर्तमानात राहा ना!"

भोसलेकाळातल्या नागपूरचा भाग ठरला, तेव्हा काकांच्या काटेकोरपणाला ऊत आला. पहारेकऱ्याच्या हातातला चहा त्यांनी खोडला. म्हणाले, "तवा चहा कुठचा गा?" तोफेच्या आवाजासाठी मला घेऊन ते इतवारीत गेले. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. तर दुकानातला एकेक पितळी गंज ते कानाशी धरून ठोकत राहिले. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, गंज घ्याचा हाये का वाजवाचा?"

"किल्ला पाडाचा हाये," काका गंभीरपणे म्हणाले.

रेकॉर्डिंगच्या मध्येच काकूंच्या कुकरची शिट्टी झाली, तर काकांनी तिथल्या तिथे वाक्य घातलं, "कप्तान, शत्रूचं शिंग वाजलं!"

या भागातला कप्तान मी होतो. तसं काकांनीच ठरवलं होतं आणि मला धडकी भरली होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात 'मले वाटते' म्हणालो आणि सगळे हसले, तेव्हापासून मी तिथे तोंड उघडलं नव्हतं. कप्तान तर तीनशे वर्षं पुढचा माणूस. त्याचं मराठी छापल्यासारखं हवं. त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'मला घरी जायचं आहे.' मी आठवडाभर गच्चीवर तेवढंच घोकलं. आणि ऐन वेळी, काका जीव तोडून गंज बडवत असताना, माझ्या तोंडून निघालं, "मले घरी जाचं हाये!"

काकांनी कूलर बंद केला. मी खाली बघत म्हणालो, "चुकलं काका. दुसऱ्या कोणाला घ्या."

"काहून?"

"इतक्या पुढच्या काळातला माणूस असं बोलेल का?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "नसन बोलत, तर मले त्या काळात जाचंच नाही."

वाक्य तसंच राहिलं. पुढच्या आठवड्यात मी वर्गात प्रश्न विचारला. त्यातही 'मले' आलंच. एकदोघे हसले, पण मी प्रश्न पूर्ण केला.

तो भाग संपला, तेव्हा कप्तान जुन्या नागपुरातच अडकलेला होता. पुढच्या भागात त्याला सोडवायचं होतं. पण काकांचे गुडघे गेले आणि मुलगी दोघांना बंगळुरूला घेऊन गेली. तिकडे म्हणे कूलर लागतच नाही. म्हणून रविवारी मी इथेच राहिलेल्या यानात पाणी भरतो, काकांना फोन लावतो, बटण दाबतो आणि फोन त्याच्यासमोर धरतो. पलीकडे काका त्याचं खाकरणं पुरतं ऐकून घेतात. मग हळूच विचारतात, "कोणतं साल आलं गा?"