लाल पट्टीतला काटा

माझे सासरे शामकांत बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. पुढे बोटींवरून ते पदच गेलं, माणूस मात्र तस्साच राहिला. भंगारात निघालेल्या बोटीवरचं घड्याळ त्यांनी आणलं आणि सिंगापुरात हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलासमोर टांगलं. तबकडीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन लाल पट्ट्या. त्याला हात लावायची कुणाची टाप नाही. सेलसुद्धा तेच बदलतात.

मी मोबाइल कंपनीत आहे. सध्या आम्ही आणि एका दुसऱ्या कंपनीने मिळून एकच स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओलहरींचा एकच पट्टा, वापरायचा आहे, आणि कुणी कुणासाठी थांबायचं यावरून रोज हमरीतुमरी. रविवारी दुपारी जेवताना मी तेच रडगाणं लावलं होतं.

"अगं सुचित्रा, अख्खा समुद्र एका फ्रिक्वेन्सीवर हाका मारायचा," बाबा म्हणाले. "रशियन, ग्रीक, आपले, सगळे. पण काटा लाल पट्टीत आला की जगभर सगळे गप्प! कुणी बुडत असेल, तर त्याची बारीक हाक ऐकू यावी म्हणून. कितीही मोठा ट्रान्समीटर असो, गप्प म्हणजे गप्प."

हे मी शंभरदा ऐकलंय. पण ते दिवस आठवले की त्यांचा आवाज अजून ओला होतो, आणि खरं सांगते, मलाही भरून येतं.

आमच्या घरात बारीक आवाज एकच, आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. गळ्याच्या ऑपरेशननंतर कुजबुजीएवढा उरलेला. रोज बोलल्या नाहीत तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्या वाक्य सुरू करायच्या आणि माझा नवरा दर्शन, नाहीतर मी, त्यावर नांगर फिरवायचो. हल्ली त्यांनी नादच सोडला होता.

त्या दुपारी त्यांचे ओठ हलले. दर्शनची कॉन्डोच्या भावांवर गाडी सुटलेली. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. लाल पट्टी अजून लांब होती. ते उठले, काच उघडली आणि बोटाने काटा सरळ पट्टीत ढकलला.

"आजोबा! कॅनॉट लाह, दॅट्स चीटिंग!" माझा मुलगा राजस ओरडला.

"गप्प. सगळे." मग आईंकडे वळून म्हणाले, "बोल, कुमुद."

नुसता पंखा ऐकू येत होता.

"दापोलीला मीही पाळायचे हे," आई म्हणाल्या. "लग्न झाल्यावर. तुम्ही तिकडे बोटीवर ऐकत असाल, म्हणून ती तीन मिनिटं मी इकडे गप्प बसायचे. सासूबाईंना वाटायचं, सून घुमी आहे."

"इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस?"

"तुमचं संपेल तेव्हा ना!"

आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले, आणि हसता हसता रडले. आईंना दापोलीतलं आणखी काही आठवलं, मग आणखी काही. बाबा घड्याळापाशीच उभे होते. काटा त्यांनी बोटाने लाल पट्टीत दाबून धरला होता.