रस्त्याच्या बाजूचं हिरवं कुंपण

वृद्धाश्रमाची बाग मी म्हाताऱ्या माणसांसाठी करून घेतली नव्हती; आत्याला मी दिसू नये म्हणून करून घेतली होती.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. घराचं बांधकाम काढलं तेव्हा "स्लॅब पडला की नेतो" असं सांगून मी तिला पारगाव रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. स्लॅब पडला. फरशी बसली. वास्तुशांतीचं जेवणही उठलं. (आत्याचा डबा गवंड्याबरोबर पाठवला. माणुसकी म्हणून.) तिला आणायचं तेवढं राहून गेलं. 'राहून गेलं' हे शब्द माझ्यासारख्यांच्या सोयीसाठीच निघाले असावेत.

पंचाईत एवढीच, की मंचरच्या दुकानाला जायचा माझा रस्ता तिच्या ओट्यासमोरून होता. ती रोज सकाळी तिथं बसून हात हलवायची. मी हेल्मेटची काच खाली ओढून गाडी पळवायचो. तालुक्यात नियमानं हेल्मेट घालणारा मी बहुधा एकटाच. बायकोला माझा अभिमान वाटे!

अशात पुतण्यानं बातमी आणली, की अवसरीची कॉलेजची पोरं वृद्धाश्रमात बाग करणार. मी ताबडतोब मार्गदर्शक झालो. (मार्गदर्शकाला खणावं लागत नाही.) पोरांचा बेत साधा होता: मोगरा लावायचा आणि रस्त्याकडं तोंड करून बाकडी टाकायची. "काका, हितनं गाड्या दिसत्यात. म्हाताऱ्यांना करमंल."

मी त्यांना धुळीवर व्याख्यान दिलं. उसाचे ट्रॅक्टर, फुप्फुसं, दमा. विकतो ठिबकचे पाइप, पण आवाज डॉक्टरचा लावला. मग स्वतःच्या खिशातून नर्सरीतली पुरुषभर उंचीची झाडं आणून रस्त्याच्या बाजूला दाट कुंपण ठोकलं. उद्घाटनाला ज्येष्ठांच्या ऋणावर बोललो. बोलताना डोळे पुसले, तेही स्वतःच्याच वाक्यांनी भारावून. खाली उतरलो तर आत्यानं विचारलं, घर कुठवर आलं? मी सांगितलं, रंग राहिलाय.

दुसऱ्या दिवशी काच वर करून, शीळ घालत निघालो. वळण घेतलं आणि बघतो तर अख्खा वृद्धाश्रम रस्त्यावर! कुंपणानं काही दिसेना, म्हणून सगळ्यांनी खुर्च्या उचलून फाटकाबाहेर, ऐन डांबराच्या कडेला मांडल्या होत्या. आधी एक आत्या लांबून बघायची. आता पंगतच्या पंगत हाताच्या अंतरावर. त्यात पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट गतिरोधकावर अडकलेला. मला थांबावं लागलं. नेमकं आत्याच्या खुर्चीपुढं.

मी घाईनं काच खाली ओढली. आत्या शेजारच्या नानांना म्हणाली, "ह्यो आमचा संजू. रोज जातो."

"ह्यो व्हय?" नाना म्हणाले. "आमाला वाटायचं, कुणी चोर हाय. हितं आला की पळवायचा."

मी काच वर केली. "आत्या, तुला म्हाईत व्हतं?"

"गाडीवर पोक काढून बसायची सवय तुझ्या बापाची, तीच तुझी. काचंनं काय झाकतंय?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आन् कुंपण बी तूच लावलंस ना? पोरं म्हणली, काकांना लई काळजी."

ट्रॅक्टर हलेना. पळायला जागा उरली नव्हती. मी गाडी स्टँडला लावली आणि पुटपुटलो, "आत्या, चुकलो. घर कधीच झालंय. मी तुझ्यापासून लपत व्हतो. आज घरी चल."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "येते. पण जरा मोठ्यानं सांग. नानांना ऐकू कमी येतं."

मी मोठ्यानं सांगितलं. मग पलीकडच्या आजींनी विचारलं, काय म्हणतोय? त्यांना सांगितलं. असा खुर्चीखुर्चीपुढं उभा राहून तीच माफी मागत मी रांगेच्या टोकाला पोचलो, तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद करून विचारलं, "काय झालं, भाऊ?"

त्यालाही सांगितलं. "चुकलो, राव."