हवेची आणि पाण्याची वाटणी

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत काचेच्या सहा रिकाम्या बाटल्या होत्या आणि डोक्यात आमच्या सरांची ताकीद : "बाटली अर्धीच भरायची. वरची हवा, खालचं पाणी, दोन्ही मिळून नमुना." कॉलेजच्या प्रयोगशाळेत केस पिकले, पण मला कुणी कुठं पाठवलं नव्हतं. घरी ऐटीत सांगितलं, "हवा आणायला चाललोय." सौ. म्हणाली, "काष्टीला बाजार असेल, लिंबंही आणा. हवेचं लोणचं घालता येत नाही."

दौंडला रेल्वे सोडून काष्टीची एसटी धरली. बाजारचा दिवस. शेजाऱ्याचं करडू माझ्या पिशवीत तोंड घालू लागलं, म्हणून बाटल्या वाचवायला मी उभा राहिलो. परत बसतो तर जागेवर करडू. कंडक्टर म्हणाला, "बसू द्या मास्तर, त्याचं तिकीट फाडलंय. तुमचं कुठाय?"

पुढं बैलगाडीनं दगडूबा नावाच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर पोचलो. भोवती लिंबोणीची बाग, मधोमध विहीर, दोघा भावांत सामाईक. धाकटा किसन विहिरीवर फवारणीचा पंप धूत असताना किडीच्या औषधाचा डबा आत कलंडला होता. तेव्हापासून दगडूबांची बायको गजराबाई पिण्याचं पाणी लांबच्या झिऱ्यावरून (ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा) आणत होती. आता वास गेला, तेव्हा विहीर प्यायला मोकळी, असं दगडूबांचं मत. औषध किती हवेत उडालं आणि किती पाण्यात राहिलं, हेच मला मोजायचं होतं. सोप्या मराठीत सांगावं म्हणून मी म्हणालो, "हवा-पाण्याची वाटणी मोजायला आलोय."

'वाटणी' ऐकताच दगडूबांनी बागेकडं हाळी दिली, "किसन्या, ये रं! वाटणीवालं आल्यात."

किसन धावतच आला. "इहिरीची वाटणी? मंग काय, दादाला पानी आन् मला हवा!"

"पंप तूच धुतलास न्हवं? खा मंग हवा!"

दोघांना शांत करून मी बाटल्या अर्ध्या भरल्या, बुचं घट्ट बसवली आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवल्या. रात्रभर त्यांना हलवायचं नव्हतं. जेवायला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळकटी, तिखट रश्शात शिजवलेली) होती. नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, त्याचा नमुना मात्र घेतला नाही.

सकाळी पाहतो तो सहाही बाटल्या लखलखीत आणि काठोकाठ भरलेल्या.

"अर्ध्याच हुत्या की, पाव्हनं," गजराबाई म्हणाली. "त्यातलं इखारी पानी वतून दिलं, राखंनं घासल्या आन् झिऱ्याचं भरलं. वाटंत तहान लागंल तुमास्नी."

नमुना पुन्हा घ्यावा, तर तो परत रात्रभर ठेवायला हवा, आणि पुण्यातलं मोजायचं यंत्र त्याच दिवसापुरतं मिळालेलं. रागवावं, तर बाईनं डोक्यावरून आणलेलं पाणी माझ्यासाठी भरलेलं. मी 'वा, वा' म्हणालो.

"मंग मास्तर, प्यायाचं का इहिरीचं?" दगडूबांनी विचारलं. "वास तर न्हाई."

"त्याचं असं आहे," मी घसा खाकरला, "तापमान, औषधाचा गुणधर्म..."

"पोरांना पाजू का नको, येवढं सांगा," गजराबाई म्हणाली.

आकड्याशिवाय बोलणं आमच्या धंद्यात पाप. पण ओसरीवर तिची पोरं बसली होती.

"नको," मी म्हणालो. "वास आला तो हवेत गेलेला वाटा. पाण्यात उरलेला नाकाला कळेलच असं नाही."

दगडूबा पुटपुटले. गजराबाईनं विहिरीच्या रहाटाचा दोर सोडून घेतला. किसननं तिचा हंडा उचलला आणि ओढ्याची वाट धरली.

"काखंत कशाला धरताय भावजी, डोक्यावर घ्या!" ती मागून ओरडली.

पुण्यात सरांनी बाटली उजेडात धरली. "यात हवा कुठाय?" मी सगळं सांगितलं. "मग पिऊ नका, हे कशाच्या आधारावर सांगितलंत?" आता मला पुन्हा पाठवायचं ठरतंय, कारण सरांना आकडा हवा आहे. या वेळी मलाही हवा आहे. एका शब्दावर त्या घराला मी ओढ्यापर्यंत रोज चालायला लावून आलोय, आणि तो शब्द खरा होता की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.