संगणकातली राख

१९८८च्या दसऱ्यानंतर आमच्या नागपूरच्या कचेरीतला एकमेव संगणक बंद पडला. साहेबांचा निकाल तयार होता. कोळशाच्या वीजघराशेजारच्या कोराडीहून बसने येणाऱ्या ऑपरेटर बाईंना ते म्हणाले, "वीजघराची राख तुमीच आणून राहिल्या. आता टाइपरायटरवर बसा." मेकॅनिकने आमच्यासमोर संगणकाचा डबा उघडून ब्रश फिरवला. मी जवळच उभा होतो. धुळीसोबत कुंकू, अक्षता आणि चंदनाच्या वासाची राख निघाली. दसऱ्याची यंत्रपूजा साहेबांनीच केली होती, उदबत्ती डब्याच्या फटीत खोचून. बाईंनी विचारलं, "हे कुंकूबी कोराडीचंच का, साहेब?" "पूजेच्या राखेनं मशीन बिघडत नसते," साहेब म्हणाले. संगणक सुरू झाला. साहेबांनी त्याच फटीत नवी उदबत्ती खोचली. बाई निवृत्तीपर्यंत टाइपरायटरवरच होत्या.