नातीने आजीची लाज काढली

सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. पण आमच्या घरी चहाला येणाऱ्या प्रत्येकाला आई हे सांगतेच, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगते. त्यापेक्षा मी स्वतःच नीट सांगितलेलं बरं.

बाबा पंप बनवणाऱ्या कंपनीत आहेत. कारखाना होसकोट्याला, आम्ही राहतो बसवनगुडीत, इकडे कानडी मुलखात. गिऱ्हाइकाकडे जाताना पंपाचं चित्र लॅपटॉपवर दाखवायचं, चारी बाजूंनी फिरवून, ही बाबांचीच कल्पना. कंपनीकडे तीन लॅपटॉप होते. एक अगदी जुना, एक दोन वर्षांपूर्वीचा आणि एक कोराकरकरीत, बघायला म्हणून मागवलेला. पडद्यावर चित्र काढण्याचं काम ज्या चिपकडे असतं, ती ग्राफिक्स चिप तिन्हींत तीन पिढ्यांची. मी त्यांना नावं दिली: आजी, लेक आणि नात.

बाबांनी साहेबांना शब्द दिला होता की नात लेकीच्या दुप्पट वेगाने पंप फिरवेल. साहेब म्हणाले होते, "जुनं चालतंय की ओ! कशाला पाहिजे नवीन?" बाबांना या नोकरीत जेमतेम सहा महिने झाले होते. शब्द खोटा ठरला असता, तर पुढे त्यांचं कोण ऐकणार होतं?

दसऱ्याची सुट्टी लागली तसे बाबा तिन्ही लॅपटॉप घरी घेऊन आले.

"मुक्ता, तुझा हात स्थिर आहे. वेळ तू मोज," ते म्हणाले. "जाहिरातीतले आकडे नकोत मला. पंप एकदा पूर्ण फिरायला किती सेकंद लागतात, तेवढंच हवं."

मी चारचौघांत बोलत नाही. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही. पण मोजायचं म्हटलं की मी मोजते. मी नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले, बाबांचं घड्याळ घेतलं. अष्टमीला आजी आणि लेक उरकल्या. प्रत्येकीचे सहा-सहा आकडे. आजीला सरासरी एकेचाळीस सेकंद, लेकीला तेवीस.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. इथे त्या दिवशी रिक्षा, शिवणयंत्र, सुरी, विळी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. यंत्रांना काम नाही, विश्रांती. आईने तिन्ही लॅपटॉप पाटावर मांडले आणि शेवंतीची परडी माझ्या हातात दिली.

"नीट सजव गं. ऑफिसची वस्तू आहे, पडता कामा नयेत फुलं."

आता तुम्हीच सांगा, गुळगुळीत झाकणावर फूल राहतं का? आजीवर ठेवलं, घसरलं. लेकीवर ठेवलं, घसरलं. नातीच्या बाजूला मात्र बारीक फटींची सुरेख जाळी होती. शेवंतीचा देठ तिच्यात असा बसला, की जणू कारखान्यात तेवढ्यासाठीच ती ठेवली असावी! मी सात फुलं खोचली. आई म्हणाली, "बघ, याला म्हणतात डिझाइन."

दसऱ्याला सकाळी आजी-लेकीवर कशीबशी टेकवलेली फुलं आपोआपच पडलेली होती. नातीची तशीच टवटवीत. झाकण उघडायला त्यांची काहीच आडकाठी नव्हती. मी मोजायला बसले.

पहिला आकडा: नऊ सेकंद.

तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. श्रीखंड-पुरी होती, त्यामुळे वेळ लागला. लॅपटॉप चालूच होता. परत येऊन मोजलं तर सव्वीस. मग सत्तावीस, अठ्ठावीस, सत्तावीस, सत्तावीस.

मी गंभीरपणे विचार केला. पाच आकडे एकमेकांना धरून आहेत आणि एकच भलतीकडे. शाळेत आम्हाला शिकवलंय, असा आकडा म्हणजे मोजणाऱ्याची चूक. मी नऊवर पट्टीने सरळ रेघ मारली आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'निरीक्षकाची चूक'. सरासरी सत्तावीस.

बाबांनी वही वाचली. पुन्हा वाचली.

"म्हणजे नात लेकीपेक्षा हळू?"

मी मान हलवली.

"नक्की?"

मी वही पुढे सरकवली. आकडे समोर होते, त्यात मी काय बोलणार?

बाबांनी चहा तसाच ठेवला. "काय म्हणून सांगू आता त्यांना?" ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "खरं ते सांगा. आकडे मुक्ताचे आहेत, चुकायचे नाहीत." या वाक्याने मला अभिमान वाटला, हे इथे कबूल करते.

संध्याकाळी साहेबच दारात! बन्नीची पानं द्यायला आले होते. आपण आपटा देतो, तशी इथे बन्नी. साहेब धारवाडकडचे, त्यामुळे मराठी बोलतात, पण ऐकताना वाटतं की कानडी मराठीचा सदरा घालून आली आहे.

बाबांनी पानं घेतली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "साहेब, मी चुकलो. नवीन घेऊ नका."

"हां? दाखवा बघू स्वल्प."

नात दुपारपासून चालूच होती. बाबांनी पंप फिरवला. तो असा फिरला, की गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालणारी म्हातारी बरी! आई पुटपुटली, "नातीने आजीची लाज काढली."

साहेबांनी लॅपटॉपवर हात ठेवला आणि झटकन काढला. "अयय्यो, तापलंय की ओ! दोसा घाला ह्याच्यावर!" मग त्यांनी कान लावला. "ह्यात आत पंखा असतोय. फिरंना झालाय. फार तापलं की ते आपणच हळू चालतंय, जळू नये म्हणून." त्यांनी लॅपटॉप वळवला. "हे काय? फुलं कोण लावलं?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणू लागले, "ते... पूजेत बहुतेक माझ्याकडूनच..."

"मी लावली," मी म्हणाले.

साहेबांसमोर उच्चारलेले हे माझे पहिले शब्द. आवाज मात्र छान पोचला.

साहेब एकेक देठ उपटू लागले आणि मोजू लागले. "ओंदु, एरडु, मूरु..." सातवं फूल निघालं तेव्हा आत काहीतरी भुर्रकन सुरू झालं आणि हळदीकुंकवाचा एक लहानसा ढग साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसला.

कॉफी होईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी मोजलं. नऊ सेकंद. पुन्हा नऊ. लेकीच्या दुप्पट काय, अडीचपट!

साहेबांनी माझी वही मागितली. खोडलेल्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं. 'निरीक्षकाची चूक' हे त्यांनी मोठ्याने वाचलं. मग बाबांना म्हणाले, "पोरीनं अहवाल बरोब्बर लिवलाय बघा. नुसतं खोडलेलं ठेवायचं आणि ठेवलेलं खोडायचं."

नवीन लॅपटॉप आले, चार. बाबांचा शब्द राहिला. साहेबांना माझं अक्षर फार आवडलं होतं, म्हणून त्यांनी बाबांबरोबर एक काम पाठवलं. प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवायची सूचना, कानडीत आणि इंग्रजीत, माझ्याच हाताने:

'पूजेची फुले बाजूच्या जाळीत खोचू नयेत.'

चारही मी पट्टीने रेघा आखून लिहिल्या. खाली सहीच्या जागी काय लिहायचं, तेही साहेबांनी सांगून पाठवलं होतं. तिथे माझं नाव नाही. तिथे लिहिलंय, 'निरीक्षकाची चूक'.