डॉक्टरांचा वाटा

सन १९२८चा भाद्रपद. समुद्राला नारळ देऊन होड्या नुकत्याच बाहेर पडत होत्या, तेव्हा मुंबईच्या कॉलेजातले डॉक्टर माशांच्या अभ्यासासाठी थळला आले. मी तांडेल, होडीचा प्रमुख. माझ्याच होडीवर त्यांनी काही हंगाम काढले. किस्से होडीच्या बुडाला शेवाळासारखे धरतात, खरवडायला बसलो की निघतात. त्यांचं एक देणं माझ्यावर होतं. आधी बाकीचं सांगतो.

*

डॉक्टर म्हटल्यावर गावातली जायाआत्या तापलेल्या नातवाला घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, "आत्या, मी माशांचा डॉक्टर!"

"मंग त्याला बांगडा समज, पन बघ!"

त्यांनी बघितलं.

*

डॉक्टर मासा विकत घ्यायचे, पोट चिरून त्याने काय खाल्लंय ते बघायचे आणि मासा परत द्यायचे. माझी बायको म्हणाली, "घान तुमची, मासा आमचा! असं गिर्‍हाईक रोज येऊ दे."

*

मासे ते स्पिरिटच्या बरणीत ठेवायचे. आमचा खलाशी धाकू बरणीपुढून हलायचा नाही. एकदा म्हणाला, "डॉक्टर, मेलेला मासा बुडेस्तोवर पितो नि जिता धाकू कोरडा! ह्यो कुठला न्याय?"

*

आमच्यात होडीत बसला त्याचा वाटा. तो जाळं ओढो, नाहीतर ओकत पडो. डॉक्टर पहिल्या दिवशी ओकतच पडले होते. मी त्यांचा वाटा वेगळा काढला.

"तांडेल, मी मासे खात नाही. राहू दे."

"आमी कुनाचं ठेवत न्हाय."

"मग गाभण मुशी आली की सोडून द्या. माझा वाटा पोचला."

सगळे हसले. धाकू म्हणाला, "म्हंजे तुमचा वाटा पवत जानार नि आमची चूल बघत बसनार!"

मुशी म्हणजे लहान शार्क, चांगला पैसा देणारा मासा; मीही सोडली नाही. वाटा अंगावर राहिला. बोचत राहिला.

*

डॉक्टरांची बदली मद्रासकडे झाली. रेवसच्या धक्क्यावर मी त्यांना मुंबईच्या बोटीत बसवलं.

"पुढच्या हंगामाला येतो."

"बरं," मी म्हणालो. जास्त बोलायची मला सवय नाही.

पुढच्या हंगामाला त्यांची बसायची जागा मी रिकामी ठेवली. त्याच्या पुढच्याही. तिथे कुणी टोपली ठेवली की उचलायचो. मुंबईची बोट लांब दिसली की हात जाळ्यावर, डोळे तिकडे.

"तांडेल, ते काय येत न्हाईत आता," धाकू म्हणाला.

मी ती रिकामी जागा पाण्याने धुऊन काढली.

*

एका माघात मासळीच आटली. जाळं रिकामं येत होतं. शेवटी एक मुशी आली. जिवंत, पोट पिल्लांनी भरलेलं. धाकूने कोयता उचलला.

"थांब."

"तांडेल, घरी चूल थंड हाय!"

"माझी पन."

"मंग?"

"वाटा डॉक्टरांचा."

"अवो, पन ते हायेत कुठं?"

मी शेपटी धरली. धाकूने कोयता खाली ठेवला आणि मुशीचं डोकं धरलं. पाण्यात सोडलेली मुशी होडीच्या कडेला क्षणभर तशीच राहिली. मग खाली गेली.

देणं फिटलं.