तीस लाइनी आणि मानाचा क्रम

‘मॅडम, कॉम्प्युटर फास्ट पाहिजे’ म्हणून ज्या साहेबांनी माझं डोकं खाल्लं, त्यांनीच त्या कॉम्प्युटरला रांगेत उभं केलं. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा लातूरला एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायचे. बंधाऱ्याचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या लोकांना रेकॉर्ड केलेला फोन जायचा: पाणी सोडतोय, जनावरं वर न्या. फोनच्या तीस लाइनी होत्या. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकताना एवढं तरी कळलं होतं की तिसांवर एकदम फोन सोडले तर सगळा काठ थोड्या मिनिटांत सावध होतो. तसाच प्रोग्राम लिहिला होता मी.

आमचे कंपनीचे साहेब म्हणाले, "आधी चेअरमन, सभापती, सरपंच. एकानं उचलला की मग दुसऱ्याला. गड्याला आधी कळलं अन् मालकाला मागून, कसं दिसतं ते?"

"सर, ते माडीवर राहतात! पाणी काय मान बघून चढतंय का?"

"करा म्हटलं ना."

केलं. नोकरी होती. एक लाइन चालू, एकोणतीस नुसत्या बसून! सांगायला लाज वाटते, पण हात माझेच होते.

माझ्या मामाचा गोठा नदीला लागून. दोन म्हशी, त्यातली एक गाभण. त्याचा नंबर यादीत पार तळाला. पाणी सोडायचं त्या सकाळी यादीतले वरचे एक मानकरी इष्टलिंगाच्या पूजेला बसले होते. पूजेतून फोनसाठी कोण उठतंय? प्रोग्राम आपला त्यांनाच लावतोय, पुन्हा पुन्हा. तिकडं दरवाजे ठरल्या वेळेला उघडले. मी नांदेडच्या बसमध्ये, मला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट गेला: सर्वांना फोन पोचले. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात! फोन किती वाजता पोचला, तो रकाना तेवढा साहेबांनी काढायला लावला.

मी मामाकडं गेले. तो ओल्या गोठ्यात दावी गुंडाळत बसला होता.

"आला की तुमचा फोन," तो म्हणाला. "म्हशी गेल्यावर आला. लई येळ लागतो का गं? सगळ्यायला एकदम न्हाई लावता येत?"

"येतं, मामा."

मामी चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत निघून गेली.